हिरवा पडदा (व्यक्तिचित्रणातील)

व्यक्तीचे छायाचित्र एकरंगी हिरव्या पडद्यापुढे टिपून, संगणकावर तो रंग वगळून त्याजागी दुसरे दृश्य बसवण्याची पद्धत. चित्रपटात आधी निळा पडदा रुळला. ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) हे त्याचे गाजलेले उदाहरण. डिजिटल कॅमेऱ्यांत हिरवा सोयीचा ठरला, कारण ब्राइस बेयर यांच्या रचनेतील (पेटंट १९७६) संवेदकावर हिरवे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात. शिवाय त्वचेच्या रंगापासून तो दूर आहे.

पडद्यावर सुरकुती नको, प्रकाश सर्वत्र सारखा हवा. खरी डोकेदुखी केसांची : पडद्यावरून परावर्तित झालेली हिरवी झाक कडांवर चढते. म्हणून व्यक्तीला पडद्यापासून दोन-अडीच मीटर पुढे उभे करतात आणि मागून वेगळा दिवा देतात. हिरवा चुडा भरलेल्या नवरीसाठी मात्र निळाच पडदा घ्यावा, नाहीतर बांगड्यांतून पार्श्वभूमी दिसू लागते!

चेहऱ्यावरील व नव्या दृश्यातील प्रकाशाची दिशा जुळली नाही, तर सफाईदार कापणीही फसते. स्थिर चित्रात कडा हाताने सुधारता येतात. त्यामुळे तिथे हिरवी झाक न टाकणारा साधा करडा पडदा अनेकदा सरस ठरतो.