धन, ऋण आणि शिक्षा

मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘रीइन्फोर्समेंट’साठी ‘प्रबलन’ हा शब्द रुळला आहे. त्याचे दोन प्रकार, धन आणि ऋण. हा विषय मी बरीच वर्षे शिकवला. ऋण प्रबलनाचे उदाहरण विचारले, की दरवर्षी अनेक उत्तरपत्रिकांत मास्तरांची छडी हमखास उगवे. विद्यार्थ्यांचा फारसा दोष नव्हता, कारण आपल्या भाषेत ऋण म्हणजे कर्जही, आणि कर्ज कुणाला चांगले वाटणार? इथे मात्र धन-ऋण ही निव्वळ गणिताची चिन्हे आहेत. कृतीनंतर काही मिळाले तर धन, काही दूर झाले तर ऋण. त्यामुळे ती कृती पुढे वाढली, तर दोन्ही वेळा ते प्रबलनच. मोटारीत पट्टा लावेपर्यंत टुणटुण चालू राहते आणि लावताच थांबते. आपण पट्टा लावू लागतो ते ऋण प्रबलनामुळे. छडी ही शिक्षा, आणि तीही धन शिक्षा, कारण पाठीवर काहीतरी जमा झाले. कानाला विचित्र वाटते, पण हिशेब तसाच आहे. त्यातही एक अट आहे. छडी खाऊन मुलगा पुन्हा तेच करत राहिला, तर या शास्त्राच्या लेखी ती शिक्षा ठरतच नाही. देणाऱ्याचा हेतू इथे मोजला जात नाही.

या हिशेबाची सुरुवात मांजरांपासून झाली. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८च्या आपल्या प्रबंधासाठी भुकेली मांजरे फळ्यांच्या पेट्यांत कोंडली. दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे आणि बाहेर खाणे मिळे. मांजर आधी ओरबाडे, धडपडे. पुढे सुटकेला लागणारा वेळ हळूहळू कमी होत जाई. यातून त्यांनी परिणामाचा नियम मांडला : समाधान देणारी कृती पक्की होते, त्रास देणारी पुसट होते. या नियमाचा दुसरा अर्धा भाग १९३०च्या दशकात त्यांनी स्वतःच जवळजवळ मागे घेतला. माणसांवरच्या प्रयोगांत ‘बरोबर’ म्हटल्याने उत्तर जितके पक्के होई, तितके ‘चूक’ म्हटल्याने ते पुसले जात नव्हते.

बी. एफ. स्किनर यांनी १९३८च्या आपल्या ग्रंथात याच प्रश्नावर एक छोटा प्रयोग नोंदवला आहे. खटका दाबून खाणे मिळवायला शिकलेल्या उंदरांचे खाणे बंद केले. त्यांतल्या काहींना सुरुवातीला खटका दाबताच पंजावर फटकाही बसे. फटका बसणारे उंदीर लगेच थंडावले, पण फटके थांबल्यावर त्यांनी कसर भरून काढली आणि शेवटी एकूण दाबण्यांची संख्या जवळपास सारखीच झाली. शिक्षा सवय दाबते, उपटत नाही, हे स्किनर यांचे मत यातून घट्ट झाले. ते पूर्ण खरे नाही. पुरेसा तीव्र विजेचा धक्का कृती दीर्घकाळ बंद पाडू शकतो, हे एझ्रिन आणि होल्झ यांनी १९६६मध्ये साधार मांडले. शिक्षेचे विरोधक हा भाग सहसा वगळतात. मला ते पटत नाही. ‘चालते का’ आणि ‘करावे का’ हे दोन निराळे प्रश्न आहेत.

प्रयोगशाळेतून हे तत्त्व माणसांच्या वॉर्डात आले ते कॅनडातल्या वेबर्न येथील मनोरुग्णालयात. आयलॉन आणि मायकेल यांनी १९५९मध्ये तिथल्या परिचारिकांनाच निरीक्षक केले. एक रुग्ण स्त्री दिवसाला सरासरी १६ वेळा परिचारिकांच्या खोलीत शिरे. तिला समजावत, हात धरून बाहेर नेत. तेच लक्ष तिचे प्रबलक होते. लक्ष देणे थांबवले आणि काही आठवड्यांत हा आकडा दोनवर आला. औषध नाही, दरडावणे नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती डिकी या नावाने प्रसिद्ध झालेल्या मुलाची हकीकत. वूल्फ, रिस्ली आणि मीस यांनी ती १९६४मध्ये छापली. साडेतीन वर्षांचा हा मुलगा स्वमग्न होता. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतली भिंगे काढलेली. चष्मा लावला नाही तर दृष्टी जाणार होती, आणि आईवडिलांना वर्षभर प्रयत्न करूनही तो लावता आला नव्हता. वॉशिंग्टन राज्यातल्या रुग्णालयात आधी नुसत्या, काचा नसलेल्या फ्रेमी खोलीत ठेवल्या. फ्रेम उचलली की गोळी किंवा फळाचा तुकडा. मग हातात धरली की, मग डोळ्यांजवळ नेली की. प्रगती गोगलगायीची होती. शेवटी त्याचे जेवणच प्रबलक केले; तो उपाशी असताना आइस्क्रीम पुढे ठेवले, तेव्हा काम पुढे सरकले. वाचताना मी इथे दर वेळी अडखळतो, कारण पान बक्षिसाचे असले तरी त्याला भुकेची किनार आहे. पुढे तो चष्मा फेकू लागला. फेकला की थोडा वेळ खोलीत एकटा. काहीतरी काढून घेतले, म्हणून ही ऋण शिक्षा. फेकणे काही दिवसांत थांबले. खात्रीसाठी हा उपाय मुद्दाम बंद केला, तर फेकणे परतले. पुन्हा सुरू केला, तर गेले. घरी जाताना तो दिवसाचे सुमारे १२ तास चष्मा लावत होता.

१९६८मध्ये या कामाला स्वतःचे नियतकालिक मिळाले आणि ‘उपयोजित वर्तन विश्लेषण’ ही शाखा नावारूपाला आली. बेअर, वूल्फ आणि रिस्ली यांनी पहिल्याच अंकात अट घातली, की ज्या वर्तनाचा अभ्यास करायचा ते समाजाला महत्त्वाचे हवे. महत्त्वाचे कुणाला, हे ठरवताना त्या मुलाला मात्र कुणी विचारत नव्हते. लॉस एंजेलिसमध्ये ओ. इव्हार लोवास स्वमग्न मुलांना शाबासकी आणि खाऊबरोबर थपडा आणि विजेचे धक्केही देत होते. ‘लाइफ’ मासिकाने १९६५मध्ये त्याची छायाचित्रे छापली. १९८७मध्ये त्यांनी १९ पैकी ९ मुले सामान्य वर्गात शिकू लागल्याचे जाहीर केले आणि जगभरचे पालक या पद्धतीकडे वळले. त्या अभ्यासातही जोराचा ‘नाही’ आणि मांडीवर चापट होतीच.

शिक्षा इतकी चिवट का, याचे उत्तर याच शास्त्रात आहे. वर्गात गोंगाट होतो, मास्तर छडी उगारतात, क्षणात शांतता. त्रास दूर झाला म्हणजे ऋण प्रबलन झाले, पण ते मास्तरांचे. पोरे पुन्हा गोंगाट करतीलच; मास्तरही पुन्हा छडी उगारतील. आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. पण या क्षणिक शांततेची जागा वर्गात दुसरे काय घेणार, ते शिक्षकाला शिकवणे कलमाच्या आवाक्यातले नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या कँटन गावी एका निवासी संस्थेत अपंग रहिवाशांच्या अंगावर बांधलेल्या यंत्रातून आजच्या शतकातही विजेचे धक्के दिले गेले. स्वतःचे डोके आपटून घेणाऱ्या मुलाला दुसरे काहीच लागू पडले नाही, असे सांगणारे आईवडील यंत्राच्या बाजूने उभे राहिले. त्यांची हतबलता खोटी नव्हती. धक्के सोसलेल्यांपैकी काहींनी पुढे जाहीरपणे त्याला छळ म्हटले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२०मध्ये घातलेली बंदी पुढच्याच वर्षी न्यायालयाने रद्द केली. २०२२मध्ये वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा धक्क्यांना विरोध जाहीर केला, आणि त्याच वर्षअखेरीस संसदेने प्रशासनाचा अधिकार कायद्याने स्पष्ट केला. मार्च २०२४मध्ये बंदीचा मसुदा पुन्हा प्रसिद्ध झाला.