+९१ ची कुळकथा

भारतातल्या कोणत्याही फोन नंबरापुढे लागणारा ९१ हा आकडा १९६४ साली ठरला. त्याआधी परदेशी बोलायचे तर ऑपरेटरला पर्याय नव्हता. १९३३ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात रेडिओमार्गे बोलणे सुरू झाले खरे, पण कॉल आधी बुक करायचा आणि जोडून मिळेपर्यंत वाट पाहायची, ही रीत पुढे अनेक वर्षे टिकली.

ऑपरेटरचे काम यंत्राकडे सोपवायचे तर गावाचे नाव आकड्यांत सांगावे लागते. ही व्यवस्था उत्तर अमेरिकेने १९४७ मध्ये आखली. तबकडीच्या फोनवर लहान आकडा लवकर फिरतो, म्हणून गजबजलेल्या न्यूयॉर्कला २१२ मिळाला. आपल्याकडे १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर एसटीडीने जोडले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीची महासभा नवी दिल्लीत भरली. तिथल्या देशांच्या कोडच्या यादीत युरोप आणि भूमध्य समुद्राभोवतीचेच देश होते. यजमान भारत तिच्यात नव्हता.

साऱ्या जगाची वाटणी १९६४ च्या यादीत झाली. उत्तर अमेरिकेला १, आफ्रिकेला २, युरोपला ३ आणि ४, सोव्हिएत संघाला ७. आपल्या भागाला ९ आला. त्यात भारत ९१, पाकिस्तान ९२, अफगाणिस्तान ९३, श्रीलंका ९४, ब्रह्मदेश ९५. बांगलादेश १९७१ मध्ये जन्मला, तोवर हे दोन आकडी कोड वाटले गेले होते. त्याला ८८० मिळाला.

या रचनेचे खरे सौंदर्य एका नियमात आहे : कोणताही कोड दुसऱ्या कोडची सुरुवात नसतो. ९१ भारताला दिल्यावर ९१० किंवा ९१५ कुणालाच देता येत नाही. म्हणून एक्स्चेंज डावीकडून एकेक आकडा वाचत जाते आणि ९१ आला की बिनचूक भारताकडे वळते. मग २२ म्हणजे मुंबई, २० म्हणजे पुणे, ८३२ म्हणजे गोवा.

घोटाळा होतो तो शून्याचा. ०२० मधले शून्य पुण्याचे नाहीच. 'कॉल गावाबाहेरचा आहे' एवढेच ते देशातल्या एक्स्चेंजला सांगते. परदेशातून लावताना ते गाळायचे : +९१ २० आणि पुढे नंबर. भारतातून परदेशी लावताना आधी ०० लागतात, अमेरिकेतून ०११. देशागणिक बदलणाऱ्या या आकड्यांच्या जागी अधिक चिन्ह उभे राहते. मोबाइल ते ओळखतो आणि तुम्ही जिथे असाल तिथून कॉल बाहेर काढतो.

मुंबईहून लंडनला थेट डायल करण्याची सोय १९७६ मध्ये झाली. ऑपरेटरविना सातासमुद्रापार बोलता येणे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे व्हिडिओ कॉलच्या काळात विसरू नये. ही सोय उभी राहिली ती एकमेकांशी भांडणाऱ्या देशांनीही एकच यादी मान्य केली म्हणून.

तेव्हा आज एवढे जरूर करा : फोनमध्ये साठवलेला प्रत्येक नंबर अधिक चिन्ह आणि देशाच्या कोडसह लिहून ठेवा. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या फोनमध्ये घरचा नंबरही तसाच घाला. अडीअडचणीच्या वेळी तो जगातून कुठूनही लागेल.