‘ठाण्याला पाठवा’: मनाचे उपचार आपल्यापासून इतके लांब का?

“याला आता ठाण्याला पाठवायला हवं!” मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाने हे वाक्य थट्टेत ऐकलेलं असतं, बऱ्याचदा म्हटलेलंही असतं. मुलुंडच्या माणसाला ठाणं म्हणजे पुढचं स्टेशन. पण डॉक्टरने चिठ्ठीवर ‘मनोरुग्णालय, ठाणे’ असं लिहिलं, की तेच स्टेशन त्याला फार लांबचं वाटू लागतं.

ही भीती कुठून आली? मुंबईचं जुनं वेड्यांचं इस्पितळ कुलाब्याला होतं. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 साली सुरू झालं, तेव्हाच्या शहरापासून चांगलं वीस मैलांवर. त्या काळच्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे परिणामकारक औषध नव्हतं. होतं ते फक्त आवार, भिंत आणि देखरेख. 1912 च्या कायद्यातही भरतीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाची तरतूद होती. आजारी माणसासाठी कोर्टाचा कागद! लोकांच्या मनात आजार आणि गुन्हा यांची सरमिसळ झाली, यात नवल ते काय?

पण याच शहरात वेगळी वाटही निघाली. 1938 मध्ये डॉ. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग सुरू केला. साध्या इस्पितळात, इतर रुग्णांसारखाच केसपेपर काढून मनाचे उपचार घेता येतात, ही त्यातली मोठी गोष्ट. पुढे 1952 मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला आणि स्किझोफ्रेनियासारख्या आजारातही गोळ्या घेऊन घरी राहणं शक्य होऊ लागलं.

म्हणजे भिंतीची गरज कमी झाली, अंतर मात्र तसंच राहिलं. जे. जे., नायर, केईएम, सायन ही मोठी रुग्णालयं दक्षिणेकडे आणि मध्य मुंबईत. माणसं मात्र अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडला राहायला गेली. उपनगरांत इस्पितळं झाली, विलेपार्ल्याचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी. तरीही मोठ्या विभागाच्या ओढीने आजही कितीतरी जण पहाटेची लोकल पकडून परळ गाठतात.

डॉक्टर म्हणून मला याची काळजी का वाटते, ते सांगतो. या गोळ्या महिनोन्महिने घ्याव्या लागतात. दर खेपेला रुग्णाची आणि सोबत येणाऱ्याची एकेक रोजी बुडते. थोडं बरं वाटलं की “या वेळी राहू दे” असं होतं. आजार लगेच उलटत नाही, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उलटतो. त्यामुळे गोळी बंद केल्याशी घरचे त्याचा संबंधच जोडत नाहीत. मग बाहेरची बाधा शोधली जाते. (तुमच्या घरी असं झालं असेल तर लाजू नका, पण डॉक्टरांना खरं सांगा.)

आता कायद्याकडे या. 2018 पासून लागू असलेल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं अठरावं कलम म्हणतं, की कोणाही मनोरुग्णाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या राहत्या जागेजवळ असावी. किमान सरकारी सेवा प्रत्येक जिल्ह्यात हव्यात, असंही त्यात आहे. आणि मुंबई उपनगर हा 1990 पासून स्वतंत्र जिल्हा आहे, हे आपण सहसा विसरतो.

तेव्हा तुमच्या जवळच्या पालिका रुग्णालयात जाऊन विचारा: मानसोपचाराची ओपीडी आठवड्यातून किती दिवस? रुग्ण भरती करून घेण्याची सोय आहे का? लिहून दिलेल्या गोळ्या तिथल्याच औषधखान्यात मिळतात, की बाहेरून आणायला सांगतात? उत्तर समाधानकारक नसेल तर वॉर्ड ऑफिसला आणि नगरसेवकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सोसायटीच्या किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या लेटरहेडवर दिलात तर अधिक बरं. रस्त्यातल्या खड्ड्यांसाठी आपण अर्ज करतोच की.

तोवर आज रात्रीच कोणाशी बोलायची गरज वाटली, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. परळची फाईल असेल तर ती मात्र सुरूच ठेवा. जवळची सोय होईपर्यंत गोळी चुकवू नका.