परकी तबकडी आणि वाचनाची किल्ली

माहूर हे महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेयांचे स्थान. या पंथाची जुनी पोथी उघडली, तर पुष्कळदा असे होते, की अक्षरे स्वच्छ दिसतात, पण शब्द लागत नाहीत. याचे कारण सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्या. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह, असा त्यांचा संकेत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो उलगडला आणि हे वाङ्मय पंथाबाहेरच्या अभ्यासकांना खुले होऊ लागले. पोथीत तोवर काही बिघडले नव्हते. वाचणाऱ्याजवळ किल्ली नव्हती.

एका संगणकावर भरलेली तबकडी दुसऱ्यावर उघडत नाही, तेव्हा बहुधा हेच घडलेले असते. तबकडीवर असतात फक्त 0 आणि 1. कोणती फाइल कोठे सुरू होते, तिचे नाव काय, पुढचा तुकडा कोठे आहे, हे ज्या संकेताने ठरते त्याला फाइल सिस्टिम म्हणतात. मायक्रोसॉफ्टमध्ये 1977 साली 'फॅट' हा संकेत जन्मला आणि 1993 साली 'एनटीएफएस' आला.

युनिक्समध्ये 1971 पासून 'माउंट' ही आज्ञा आहे. नव्या तबकडीवरील फाइली ती मूळ वृक्षाच्या एखाद्या फांदीला जोडते. परंतु परक्या संकेताचे काय? 1985 च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने मध्ये एक थर घातला. वरच्या प्रोग्रामांनी एकाच भाषेत मागणी करायची आणि प्रत्येक संकेताच्या दुभाष्याने ती पुरी करायची. 1991 साली जन्मलेल्या लिनक्सनेही पुढे हाच मार्ग धरला.

अडचण अशी, की एनटीएफएसचा संपूर्ण तपशील प्रसिद्ध नव्हता. स्वयंसेवी प्रोग्रामरांना तबकडीवरील बाइट तपासून तो जुळवावा लागला. यात वाचणे आधी जमले. भरवशाने लिहिणे जमायला 2007 साल उजाडले. वाचताना चूक झाली तर मजकूर चुकीचा दिसतो, पण लिहिताना चूक झाली तर मूळ तबकडीच बिघडते. पुढे 'एक्सफॅट' या संकेताचा तपशील 2019 साली मायक्रोसॉफ्टने स्वतःच खुला केला आणि लिनक्सचे काम सोपे झाले.

मराठी वापरणाऱ्याला आणखी एक अनुभव येतो. पेनड्राइव्ह उघडतो, पण 'माहूर' या नावाच्या जागी पाच प्रश्नचिन्हे दिसतात. फॅटमधील लांब नावे युनिकोडमध्ये, प्रत्येक चिन्हास दोन बाइट, अशी साठवलेली असतात. 'माहूर' मध्ये मात्रा धरून पाच चिन्हे आहेत, म्हणजे 10 बाइट. लिनक्स ती बहुधा यूटीएफ-8 पद्धतीने वापरते. तेथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन, म्हणजे 15 बाइट लागतात. माउंट करताना दुभाष्याला पश्चिम युरोपीय अक्षरसंच नेमून दिला असेल, तर त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रश्नचिन्हे. तबकडी सोडवून यूटीएफ-8 चा पर्याय देऊन पुन्हा जोडली, की नावे जशीच्या तशी दिसतात.

म्हणून शाळेतील तबकडी उघडली नाही, तर क्रम असा ठेवावा. प्रथम तिच्यावर कोणती फाइल सिस्टिम आहे ते पाहावे. मग त्या संकेताचा दुभाषा आपल्या संगणकात आहे का ते तपासावे. नंतर 'केवळ वाचन' या पर्यायाने ती जोडावी आणि मजकुराची प्रत काढावी. दुरुस्तीचा विचार त्यानंतर. एनटीएफएस तबकडीवर लिहिता येत नसेल, तर विंडोज पूर्ण बंद झाले होते की अर्धवट झोपले होते, हेही पाहावे.

लिनक्सची तबकडी विंडोजला लावली, तर उलट बाजूने हाच प्रश्न येतो. तेथे 'फॉरमॅट करू का?' अशी विचारणा होते. त्या वेळी 'हो' म्हणणे म्हणजे लिपी कळत नाही म्हणून पोथीवर नवा कागद चिकटवणे होय. वर्षभराच्या गुणपत्रिका अशा एका होकाराने जाऊ शकतात.