नरो वा कुंजरो वा : खेळण्यांच्या अदलाबदल मेळ्यांची गोष्ट



संयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, 'खेळण्यांचे मेळे'. पलीकडे जरा शांतता पसरली. मग प्रश्न आला, "सर, जत्रेतली खेळणी का?" त्यांची काही चूक नव्हती. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर उपनिषदांवर बोलावं, अशीच अपेक्षा असते. म्हणून आधी खुलासा करतो. जत्रेत खेळणं घेतलं जातं ते पोरासाठी. मी ज्या मेळ्यांविषयी बोलणार आहे, तिथे पन्नाशी-साठीची माणसं खेळणी घेतात, आणि तीही स्वतःसाठी. इंग्रजी मुलखात त्यांना 'टॉय फेअर' किंवा 'स्वॅप मीट' म्हणतात. आपण त्यांना अदलाबदलीचे मेळे म्हणू.

या मेळ्यांचा इतिहास मला सांगावासा वाटतो, तो खेळण्यांच्या प्रेमापोटी, हे खरंच. पण त्याहून मोठं एक कारण आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी, कायदा किंवा पोलीस मध्ये न आणता, खरं बोलण्याची एक पद्धत कशी घडवली, याचा हा इतिहास आहे. त्यात माझ्या पदरी एक चूकही आहे. तिच्याकडे मी येणारच आहे, टाळणार नाही.

सुरुवात कारखान्यांपासून करू. अमेरिकेत १९०० साली 'लायोनेल' कंपनी निघाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत तिच्या विजेवर चालणाऱ्या आगगाड्या घराघरांत पोचल्या. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३४ मध्ये आपल्या छोट्या धातूच्या मोटारींना 'डिंकी टॉइज' हे नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, लंडनला 'लेस्नी' ही कंपनी सुरू झाली. १९५३ पासून तिने काड्यापेटीएवढ्या खोक्यात मावणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या. त्याच 'मॅचबॉक्स'. शाळेत काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायला परवानगी होती, म्हणून जॅक ओडेल यांनी आपल्या मुलीसाठी इवलासा रोडरोलर केला आणि त्यातून ही कल्पना निघाली, अशी कथा सांगतात.

ही सगळी खेळणी वापरून संपवण्यासाठीच होती, हे लक्षात घ्या. मुलं ती मातीत लोळवत, जिन्यावरून सोडत. खोकं तर पहिल्याच दिवशी केरात जाई. मुलगा मोठा झाला की आई उरलंसुरलं कुणाला तरी देऊन टाकी. लाखांनी निघालेली वस्तू वीस-पंचवीस वर्षांत दुर्मीळ होते, ती अशी. आणि दुर्मीळ होते नेमकी तेव्हा, जेव्हा तो मुलगा कमावता झालेला असतो. संग्राहक जन्माला येतो तो या सांध्यावर. रिकामं खोकं आतल्या गाडीपेक्षा महाग का विकलं जातं, याचंही उत्तर इथेच आहे. गाडी जपणारी मुलं थोडी होती, खोकं जपणारी त्याहून थोडी.

१९५४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या यार्डली या गावी अशा काही मोठ्या झालेल्या मुलांनी 'ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन' स्थापन केली. पुढे याच राज्यातल्या यॉर्क गावच्या जत्रामैदानावर तिचा मेळा भरू लागला. तो वर्षातून दोनदा भरतो, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. हजारो माणसं येतात. बरीच वर्षं तिथे फक्त सभासदांनाच प्रवेश होता. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात असे मेळे टाउन हॉलांत आणि शाळांच्या सभागृहांत बहरले. त्याच सुमारास कारखाने मात्र एकेक करून विझत होते. डिंकीचा लिव्हरपूलमधला कारखाना १९७९ च्या नोव्हेंबरात बंद झाला. लेस्नी १९८२ मध्ये बुडाली. कारखाना बंद झाला की नवा माल येणं थांबतं. मग जे काही आहे, ते माणसांच्या कपाटांत. मेळा म्हणजे त्या कपाटांची दारं एका दिवसासाठी एका छताखाली उघडणं.

मेळा चालतो कसा, तेही सांगतो. संयोजक सभागृह भाड्याने घेतो आणि आत टेबलं मांडून ती एकेक भाड्याने देतो. टेबलाचं भाडं आणि दारावरचं तिकीट, ही त्याची मिळकत. विक्रेते उजाडायच्या आत येतात. लोकांसाठी दार उघडण्यापूर्वीच्या त्या तासा-दीड तासात विक्रेते आपसात जे सौदे करतात, तेच पुष्कळदा दिवसाचे सर्वांत मोठे सौदे असतात. म्हणून काही ठिकाणी जास्त पैसे घेऊन लवकर आत सोडतात. गिऱ्हाईक खिशात बॅटरी आणि भिंग घेऊन येतं. दुपार कलली की भाव उतरतात, कारण खोकी पुन्हा गाडीत भरायचा विक्रेत्याला कंटाळा असतो. आणि अदलाबदल? नाव तेच राहिलं, पण किमतींच्या पुस्तिका निघाल्या तसा रोख व्यवहार वाढला. तरी दोन टेबलांच्या मध्ये उभं राहून 'तुझी ही, माझ्या या दोन' असं म्हणणारी माणसं अजून असतात.

आता खरा प्रश्न. समोरच्या टेबलावर एक डिंकी आहे. रंग झकास आहे. पण हा रंग कारखान्यातला की परवाच कुणी घरी बसून दिलेला? चाकं तीच की बदललेली? खोकं छापखान्यातून आलेलं की घरच्या प्रिंटरमधून? तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थेसिअसच्या जहाजाची आठवण होणारच. एकेक फळी बदलत गेलं, तर जहाज तेच राहिलं का? वर्गात हा प्रश्न मी वर्षानुवर्षं घातला, आणि तास संपल्यावर तो तिथेच सोडून घरी गेलो. मेळ्यातल्या माणसांना तो सोडून जाता येत नव्हता, कारण त्यांना त्याच दुपारी पैसे मोजायचे होते.

त्यांनी काढलेलं उत्तर मला फार शहाणपणाचं वाटतं. 'तेच की दुसरं' हा वाद त्यांनी बाजूला ठेवला. त्यांनी ठरवलं की काय बदललंय ते सांगायचं. ट्रेन कलेक्टर्सच्या संस्थेने प्रतवारीचे शब्द बांधून दिले. अगदी वर 'मिंट', म्हणजे न वापरलेली, अस्पर्श. मग नव्यासारखी, उत्कृष्ट, फार चांगली, चांगली, बरी, आणि तळाला खराब. 'चांगली' म्हटलं की ओरखडे आणि बारीक पोचे चालतील. 'फार चांगली' म्हटलं की पोचा किंवा गंज चालणार नाही. रोजच्या बोलण्यात आपण 'चांगलं' हा शब्द किती ढिला वापरतो! इथे त्या शब्दाला जबाबदारी आली. आणि त्याला जोडून मेळ्यांतला एक रिवाज रुजला : पुन्हा रंगवलेलं असेल तर चिठ्ठीवर तसं लिहायचं.

आता माझी गोष्ट.

आपल्याकडे १९६० च्या दशकात आयातीवर कडक निर्बंध होते. परदेशी खेळणं मिळणं मुश्कील. त्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही वापरलेले साचे कोलकात्याला आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' या नावाने गाड्या निघू लागल्या. साचा इंग्रजी, ओतकाम बंगाली, नाव एका अक्षराने हललेलं. माझ्या धाकट्या भावाकडे त्यातली स्टँडर्ड मिनिबस होती. रंग उडाला तेव्हा वडिलांनी सायकलच्या दुकानातून निळं ऑइलपेंट आणून ती रंगवली.

१९८० च्या दशकात मी अभ्यासासाठी वर्षभर इंग्लंडमध्ये होतो. भावाची ती बस, त्याला विचारून, बरोबर नेली होती. एका रविवारी मेळ्याला गेलो. निकी म्हटल्यावर तिथले लोक गोळा झाले, त्यांना ती अपूर्वाई. एका वयस्क विक्रेत्याने बस हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि विचारलं, "रंग मूळचा?" मी म्हणालो, "मी लहान भावाकडे पाहतोय तेव्हापासून ती निळीच आहे." धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला तो 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्यावर. माझं वाक्य तर तेवढंही खरं नव्हतं. पण मनात मी त्याला 'जवळजवळ खरं' म्हणून घेतलं. बस दिली आणि बदल्यात एक सुरेख डिंकी लॉरी घेतली. सत्य आणि कर्तव्य यांवर मी तेव्हा प्रबंध लिहून बसलो होतो, हे मुद्दाम सांगतो.

महिन्याने पुन्हा गेलो. त्याच माणसाच्या टेबलावर ती बस होती. पुढे छोटी चिठ्ठी : निकी, कोलकाता, पुन्हा रंगवलेली. किंमत लॉरीच्या निम्म्यापेक्षा कमी. त्याला कळलं होतं. घरी भिंगाखाली कळलं असणार. ती बस तो माझ्यासारखंच गोलमोल बोलून पुढे खपवू शकला असता. निकीचा मूळ रंग ओळखणारं तिथे कोण होतं? त्याने तोटा स्वतःकडे ठेवला आणि खोटं आपल्या टेबलापाशी थांबवलं.

मी म्हटलं, "लॉरी परत घ्या." तो म्हणाला, "अदलाबदल ती अदलाबदल." मग मी बस विकत घ्यायला काढली, तेव्हा कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं त्याने मला सांगितलं, "पुन्हा रंगवलेली आहे, चिठ्ठी वाचलीत ना?" मी पैसे दिले. ना तो रागावला, ना त्याने मला मोकळं केलं. आज दोन्ही गाड्या माझ्या कपाटात आहेत. लॉरीकडे मी फारसं बघत नाही.

मित्रहो, प्रतवारीची यादी छापल्याने खरेपणा येत नाही. तो येतो शृंखलेसारखा, हातातून हातात. मधल्या एकाने गप्प राहायचं ठरवलं की पुढच्या सगळ्यांचं ज्ञान खोटं होतं. ज्ञानमीमांसेत आपण शब्दप्रमाणाची चर्चा करतो, आप्तवाक्य म्हणजे काय ते विचारतो. आप्त कोण? तर जे जसं आहे ते तसं सांगणारा. त्या विक्रेत्याने 'न्यायसूत्रा'चं नावही ऐकलं नसेल.

पुढे इंटरनेटवरचे लिलाव आले. घरबसल्या जगभरचा माल दिसू लागला आणि पुष्कळ छोटे मेळे बसले. आता काही कंपन्या खेळणं तपासतात, त्याला आकडा देतात आणि पारदर्शक पेटीत कायमचं बंद करतात. त्यात सोय आहे, मी नाकारत नाही. पण त्यात तोंडाने सांगण्याची जबाबदारी कुणाचीच उरत नाही. आकडा बोलतो, माणूस गप्प.

दुसऱ्या बाजूला आपल्याकडे मुंबई-पुण्यात 'हॉट व्हील्स'वाल्या तरुण मुलांच्या अदलाबदली आता भरतात. गेली काही वर्षं मी आणि माझे दोन जुने विद्यार्थी एका शाळेच्या हॉलमध्ये छोटा मेळा भरवतो. टेबलं चौदा. नियम एकच : प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी हवी, आणि तिच्यावर काय बदललंय तेही लिहायचं. मुलांसाठी एक टेबल वेगळं असतं, तिथे पैसे चालत नाहीत. मागच्या खेपेला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आजोबा, मागचं चाक मी फेविक्विकने चिकटवलंय, पण फिरत नाही, हे दोन्ही लिहू का एकच?"

मी म्हटलं, दोन्ही लिही. त्याची गाडी गेली की नाही, ते मला आठवत नाही. पुढचा मेळा दिवाळीनंतर आहे. तुमच्या माळ्यावर काही असेल तर घेऊन या, चिठ्ठीसाठी कागद आम्ही देऊ.