जट सोडवणारे हात

त्र्यंबकेश्वरच्या पाठीमागे ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढून माथ्यावर गेलं की एक लहानसं देऊळ लागतं. त्याला जटामंदिर म्हणतात. गौतम ऋषींवर गोहत्येचा ठपका आला, पापक्षालनासाठी त्यांनी शंकराची आराधना केली, आणि शंकरानं याच खडकावर जटा आपटून त्यात अडकलेली गंगा मोकळी केली, अशी कथा इथं सांगतात. खडकावरच्या खुणा भाविक हात लावून पाहतात. हीच गंगा पुढं गोदावरी होऊन नाशकात येते. नाशिककर मात्र तिला आजही गंगाच म्हणतात, आणि तिच्या काठाला गंगाघाट.

जटा सुटल्या म्हणून नदी आली, अशी ज्या भूमीची मूळकथा आहे, त्याच भूमीत केसांत झालेला गुंता सोडवायला बायका भितात. आठवडाभर आजारपण निघतं, केस विंचरायचे राहतात, मानेवर एक गाठ बसते. दोन महिन्यांनी ती दोरीसारखी घट्ट होते. मग घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, ‘जट आली.’ या दोन शब्दांनंतर कंगवा बंद होतो आणि कात्रीबद्दल तर घरात बोलायचीही सोय राहत नाही. जट देवीची असते. ती कापली तर देवीचा कोप होतो, घरात कुणीतरी दगावतं, असं सांगितलं जातं. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात ही देवी बहुतेक वेळा सौंदत्तीची यल्लमा असते. इतरत्र गावागणिक देवीचं नाव बदलतं, भीती तीच राहते.

केसांच्या निगेबद्दलचे गैरसमज म्हटलं की आज तेल, शांपू आणि कुरळ्या केसांच्या क्रीमची चर्चा होते. महाराष्ट्रात मात्र केसांविषयीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात महागात पडलेला गैरसमज हा आहे.

भाषेनंही हा गुंता जपून ठेवला आहे. अवघड गोष्टीला मराठीत ‘जटिल’ म्हणतात. तो मूळचा जटाधारी तपस्व्यांचा शब्द आहे. बौद्ध विनयग्रंथांत उरुवेला काश्यप आणि त्याच्या दोन भावांची गोष्ट येते. ते जटिल पंथाचे, अग्नीची पूजा करणारे. बुद्धाचं म्हणणं पटल्यावर थोरल्यानं आणि त्याच्या शिष्यांनी जटा कापून नैरंजना नदीत सोडून दिल्या. प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या मधल्या भावानं पाण्यावर तरंगत आलेले केस पाहिले आणि त्याच्या पोटात धस्स झालं: दादाला काही झालं तर नाही? तो धावत वर आला. दादा सुखरूप होता, नुसता त्याच्या डोक्यावरचा भार उतरला होता.

नाशकातल्या पंचवटीचा जटांशी संबंध तर आणखी जवळचा. पाच वडांवरून या जागेचं नाव पडलं, आणि रामाच्या जटाही वडाच्याच. वाल्मीकी रामायणात उत्तरेतली गंगा ओलांडण्यापूर्वी राम निषादराज गुहाकडे वडाचा चीक मागतो आणि त्या चिकानं स्वतःच्या व लक्ष्मणाच्या केसांच्या जटा वळतो. म्हणजे जटा कशा होतात, हे त्या काळच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. केसांना चिकट पदार्थ लावायचा, ते विंचरायचे नाहीत, वळून बांधायचे, की जटा तयार. वनवासाचं व्रत दाखवणारी ती एक जाणूनबुजून केलेली केशरचना होती.

या गोष्टीचा शेवट फारसा कुणी सांगत नाही. चौदा वर्षांनी राम परत येतो तेव्हा राज्याभिषेकाच्या आधी शत्रुघ्न कुशल न्हाव्यांना बोलावून घेतो. त्यांचे हात सुखाचे आणि झपाझप चालणारे होते, असं वाल्मीकी आवर्जून नोंदवतात. भरताची, लक्ष्मणाची आणि रामाची अंगशुद्धी होते, जटा काढल्या जातात, स्नान होतं, आणि मगच राजवस्त्रं अंगावर येतात. कुणाचा कोप होत नाही. व्रत संपलं, जटा उतरल्या. ज्या घरात रामाचा फोटो भिंतीवर आहे त्याच घरात सुनेच्या जटेला हात लावायला बंदी असावी, हे या कथेशी कुठंच जुळत नाही.

सिंहस्थात नाशिककरांना जटा जवळून दिसतात. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात, वैष्णव आखाडे नाशकात रामकुंडावर. 2015 च्या सिंहस्थातही भस्म फासलेल्या नागा साधूंच्या डोक्यावर गुंडाळलेल्या जटांचे मोठमोठे मुकुट लोकांनी पाहिले. त्या साधूनं संसार सोडलेला असतो आणि त्यानं जटा स्वतः स्वीकारलेल्या असतात. गावातल्या बाईनं यातलं काहीच केलेलं नसतं. तिला स्वयंपाक, शेत, पोरं काही सुटलेलं नाही. मानेवर किलो-अर्धा किलोचं ओझं घेऊन ती खुरपायला जाते.

हा गुंता होतो कसा? केसाच्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म पापुद्रे असतात. ते मिटलेले असले की केस एकमेकांवरून सरकतात. उघडले की एकमेकांत अडकतात. मेंढीची लोकर धुताना फार चोळली तर आवळून गोळा होते, तीही याच कारणानं. कुरळ्या केसांत हे लवकर घडतं. सरळ केसावरून डोक्याच्या त्वचेतलं नैसर्गिक तेल टोकापर्यंत उतरतं. वळणावळणाच्या केसात ते वाटेतच राहतं, टोकं कोरडी पडतात आणि शेजारच्या वळणांत गुंततात. म्हणून कुरळ्या केसांच्या मुलीला ‘हिच्या केसांत जट येणार’ असं लहानपणापासून ऐकावं लागतं. सरळ केसांतही जट होते, फक्त तिला वेळ जास्त लागतो.

पुढचं काम चुकीच्या निगेनं होतं. कुरळे केस विंचरले की तुटतात, तेव्हा विंचरूच नयेत, हा एक समज. गुंत्यावर तेल ओतत राहिलं की तो आपोआप सुटेल, हा दुसरा. त्या तेलावर धूळ बसते, घामाचं मीठ बसतं, आणि गुंता डिंकासारखा घट्ट होतो. अंगाच्या किंवा कपड्याच्या साबणानं डोकं धुतलं की पापुद्रे आणखी उघडतात. वरून खाली जोरात फणी ओढली तर वाटेतल्या सगळ्या गाठी खाली सरकून एकाच जागी आवळतात. त्यातून फणी आणि कंगवा यांत घराघरांत गल्लत होते. फणीचे दात बारीक आणि जवळजवळ असतात, ती उवा-लिखा काढायची वस्तू. कुरळ्या केसांना मोठ्या दातांचा कंगवा लागतो. केस ओले करून, तेल किंवा कंडिशनर लावून निसरडे करायचे, गुंत्याच्या वरचे केस मुठीत धरायचे, म्हणजे मुळांना ओढ बसत नाही, आणि टोकापासून बोटभर-बोटभर वर जायचं.

याला वेळ लागतो आणि पाणी लागतं. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडं, येवला, नांदगाव, सिन्नरच्या कोरड्या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरात डोक्यावरून न्हायला दोन बादल्या मागायच्या कुणी आणि कुणाकडं? त्यात अमक्या वारी न्हायचं नाही, तमक्या तिथीला केस मोकळे सोडायचे नाहीत. बाळंतीण तर कान-डोकं बांधून आठवडेच्या आठवडे निजून असते. जट बसायला याहून अनुकूल दिवस नाहीत. बाळंतपणानंतर किंवा लांबलेल्या दुखण्यानंतर जट सापडली की तिचा संबंध देवीशी जोडला जातो, निजून राहण्याशी कुणी जोडत नाही.

ही समजूत भारतापुरती नाही. पोलंडमध्ये अशा जटेला ‘कोल्टुन’ म्हणत. ती तिथं इतकी सर्वत्र होती की युरोपच्या वैद्यकानं तिला लॅटिनमध्ये ‘प्लायका पोलोनिका’, म्हणजे पोलंडची जट, असं नावच दिलं. शरीरातला रोग या गुंत्यातून बाहेर पडतो, तो कापला तर माणूस आंधळा किंवा वेडा होतो, असं शेतकरी मानत. एकोणिसाव्या शतकात क्राकोचे डॉक्टर योझेफ डीट्ल यांनी हा रोग नसून अस्वच्छतेचा आणि भीतीचा परिणाम आहे, असं ठामपणे मांडलं. कोल्टुन ठेवणाऱ्यावर कर बसणार, अशी आवई तेव्हा उठवली गेली आणि तिच्या धाकानं बऱ्याच जणांनी ते कापून टाकले, असं सांगतात. हेच डीट्ल पुढं 1866 साली क्राकोचे नगराध्यक्ष झाले.

महाराष्ट्रात मात्र जटेला एक जोड होती, ती पोलंडात नव्हती. इथं जट आलेली मुलगी देवीला सोडली जाई. केसातला गुंता हा देवीनं धाडलेला सांगावा मानला जाई आणि गरीब, बहुतेक वेळा दलित घरातली पोर जोगतीण होई. तिचं लग्न देवाशी लागे, आणि तिच्या देहावर गावातल्या धनदांडग्यांचा हक्क चाले. मुंबई इलाख्यात 1934 साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, कर्नाटकानं 1982 मध्ये बंदी घातली, महाराष्ट्रानं नवा कायदा 2005 साली केला. कायद्यानं देवाला मुलगी सोडणं गुन्हा ठरलं. पण गुंता म्हणजे देवीचा सांगावा, ही समजूत शिल्लक राहिली.

मूळचे नाशिकचे दिग्दर्शक राजीव पाटील यांनी ‘जोगवा’ या चित्रपटात हाच धागा पडद्यावर आणला. मुक्ता बर्वे यांनी उभी केलेली सुली केसात जट सापडल्यामुळे जोगतीण होते. 2009 साली चित्रपटगृहांत आलेल्या या चित्रपटाला सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातल्या गाण्यांनी घराघरांत जागा मिळवली, पण सुलीच्या केसांची गोष्ट त्यामानानं कमी बोलली गेली.

बाईच्या केसांचा निर्णय बाईनं घ्यायचा नाही, हा या सगळ्याच्या तळाशी असलेला नियम आहे. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण आणि इतर काही उच्चवर्णीय घरांत विधवेचं डोकं तिच्या इच्छेविरुद्ध भादरलं जाई. जोगतिणीच्या डोक्याला हात लावायची बंदी होती, विधवेच्या डोक्यावर वस्तरा सक्तीचा होता. त्या वस्तऱ्याला संघटित नकार दिला तो खुद्द वस्तरा धरणाऱ्यांनी. 1890 साली मुंबईत सत्यशोधक चळवळीतले कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी बांधव एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. हातावर पोट असलेल्या माणसांनी स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडून घेतलेला हा निर्णय होता. महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात त्याला आजच्यापेक्षा कितीतरी मोठी जागा मिळायला हवी.

शंभर वर्षांनी हे काम पुन्हा कात्री धरणाऱ्या हातांकडे आलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि तिच्या कार्यकर्त्यांनी जटनिर्मूलन हाती घेतलं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला. जटेचं काम थांबलं नाही. पुण्याच्या नंदिनी जाधव यांचं स्वतःचं ब्युटीपार्लर होतं. तो व्यवसाय सोडून त्या समितीच्या कामात उतरल्या, आणि दोनशेहून अधिक बायकांच्या जटा त्यांनी आपल्या हातांनी काढल्या आहेत.

यात कापण्याला लागतो तो वेळ थोडा. बोलण्यात तास जातात, कधी महिने. बाई तयार असते तेव्हा सासू तयार नसते. सासू वळते तेव्हा एखादा देवऋषी धाक घालतो. कार्यकर्ते जबरदस्ती करत नाहीत. जटेमुळे मान दुखते का, रात्री कुशीवर निजता येतं का, डोक्यात खाज येते का, असं ते विचारतात. बहुतेक वेळा बाईला हे प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारत असतं. देवीचा कोप झालाच तर तो आमच्यावर होऊ दे, असंही सांगावं लागतं.

मग खांद्यावर टॉवेल येतो. जटेच्या मुळाशी, त्वचेपासून बोटभर अंतरावर, थोडे मोकळे केस असतातच. कात्री तिथं शिरते. वाळलेला काथ्या कापावा तसा करकर आवाज येतो, एका झटक्यात काही होत नाही, बोटं दुखून येतात. आत कोंदट वास असतो, मेलेल्या उवा असतात, कधी त्वचेवर चिघळलेली जखम. शेवटचा पेड तुटला की मान आपोआप वर उचलली जाते. इतकी वर्षं ती एका बाजूला ओढ सहन करत होती, आता ओढ नाही म्हणून काही क्षण तिला तोल सापडत नाही. बाई हात वर नेते, डोकं चाचपते आणि हात तसाच तिथं राहतो.

पुढच्या काही महिन्यांत केस वाढतात. ज्यांचे मुळात कुरळे, त्यांचे कुरळेच येतात: कानामागे आधी एक वळण, मग कपाळावर दोन. गंगाघाटावर बुधवारच्या बाजारात मोठ्या दातांचा कंगवा थोड्या पैशांत मिळतो. तो ओल्या केसांच्या टोकाशी धरायचा, आणि गाठ आली की थांबून आधी ती बोटांनी मोकळी करायची.