औषधी प्रदूषके, पाण्यातील
पोटात गेलेल्या औषधाचा काही भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो आणि गटारातून नदीत पोहोचतो. तेथे त्याचे प्रमाण बहुधा लिटरमागे नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम एवढेच असते. म्हणून पाण्याचा नमुना आधी शोषक भुकटी भरलेल्या बोटभर नळीतून थेंबथेंब सोडतात. तीत अडकलेले रेणू चमचाभर मिथेनॉलने धुऊन घेतात आणि वस्तुमान वर्णपटमापीने ओळखतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरूचे चित्र मात्र भयंकर होते. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. अशा पाण्यात प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू पोसले जातात, आणि खरा धोका तोच.

नेहमीच्या जैविक प्रक्रियेत पॅरासिटामॉल बहुतांशी नाहीसे होते, पण अपस्मारावरचे कार्बामॅझेपिन जवळजवळ तसेच राहते. अशा चिवट औषधांसाठी ओझोन किंवा सक्रियित कार्बन लागतो. ओझोन रेणू तोडतो, पण तुकडे उरतात. म्हणून पुढे, ते पचवू शकणारे जीवाणू वाढलेला वाळूचा थर ठेवतात. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून निवडक सांडपाणी केंद्रांना अशा सूक्ष्म प्रदूषकांचे ८० टक्के निर्मूलन बंधनकारक आहे.